टेकडी, ओढा, मोकळी जागा : पश्चिम पुण्यातल्या हिरव्या जागांच्या प्रकल्प नोंदी

३ डिसेंबर २०२३

कामाची हद्द ठरली. प्रभागाची रेषा घ्यायची नाही यावर सगळ्यांचं एकमत झालं. वर टेकडीची धार, खाली ओढा नदीला मिळतो ती जागा आणि मधला सगळा पाणलोट, एवढा तुकडा घेतला. पाणी आणि झाडोरा महापालिकेच्या विभागणीप्रमाणे चालत नाहीत, म्हणून नकाशाही तसा नको.

एकच प्रश्न घेऊन निघालो आहोत. या तुकड्यात आज जे हिरवं दिसतं, त्यातलं किती कायद्याने हिरवं आहे? आणि कायद्याने असेल तर कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेपासून, आणि जमीन कोणाच्या नावावर? झाडं मोजणारे गट पुण्यात बरेच आहेत आणि त्यांचं काम मोलाचं आहे. पण झाडाखालच्या जमिनीचा कागद बघणारे कमी. आम्ही कागदापासून सुरुवात करणार.

गटात भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत, आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी, ओढ्याकाठच्या सोसायटीतल्या दोन मावशी आणि नकाशे बसवायला मी. काकांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "उपग्रहाचं चित्र सगळ्यात शेवटी उघडायचं. आधी सातबारा, मग डीपी, म्हणजे विकास आराखडा, मग जागेवर जाऊन बघायचं."

१० डिसेंबर २०२३

कागद गोळा करणं सुरू. आमच्या तुकड्याला एकाहून अधिक विकास आराखडे लागू होतात. जुन्या हद्दीसाठी १९८७ चा आराखडा आणि त्याची सुधारित आवृत्ती, जिला राज्य सरकारने जानेवारी २०१७ मध्ये मंजुरी दिली. हद्दीत नंतर आलेल्या गावांसाठी वेगळा आराखडा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३८ प्रमाणे आराखड्याची फेरतपासणी वीस वर्षांतून किमान एकदा व्हायला हवी. इथे १९८७ ते २०१७ अशी तीस वर्षं गेली. त्या तीस वर्षांत कोथरूडचं काय झालं ते इथल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

नव्या माणसांची हमखास गल्लत होते ती 'तेवीस गावां'पाशी. १९९७ मध्ये ३८ गावं महापालिकेत आली. २००१ मध्ये त्यातली १५ पूर्ण आणि ५ अंशतः वगळली आणि २३ गावं उरली. बाणेर, बालेवाडी, पाषाण, वारजे ही त्यातली. जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं ९७८ हेक्टरचं आरक्षण याच २३ गावांच्या टेकड्यांवर आहे. पुढे २०१७ मध्ये ११ गावं आली आणि २०२१ मध्ये आणखी २३. ही दुसरी तेवीस निराळी. वर्तमानपत्रात नुसतं 'समाविष्ट २३ गावे' असं छापून येतं तेव्हा आधी वर्ष बघायचं. आमच्या नकाशाच्या थरांच्या नावांत आता वर्ष घातलं आहे.

याचा जमिनीवरचा परिणाम मोठा आहे. एकच टेकडी. तिच्या कोथरूडकडच्या उतारावर 'डोंगरमाथा-डोंगरउतार' विभाग (झोन) आणि धार ओलांडून पाषाणकडे उतरलं की बीडीपी. तेच गवत, तेच मोर, तेच पाणी, पण नियम दोन, मोबदल्याची पद्धत दोन आणि कागदांचा इतिहासही दोन. पायवाटेवरून चालणाऱ्याला ही रेषा दिसत नाही. आमच्या नकाशात ती सगळ्यात ठळक काढायची.

२४ डिसेंबर २०२३

आराखड्याच्या जुन्या शीटची स्कॅन केलेली प्रत यूटीएम ४३ उत्तर पट्ट्यात, म्हणजे जमिनीवरच्या खऱ्या स्थानावर, बसवायला घेतली. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये काम तासाभराचं वाटतं, पण बसवायची कशावर हा खरा प्रश्न. रस्ते रुंद झाले, चौक हलले. त्यामुळे खुणेसाठी आम्ही धरले ते न हलणारे बिंदू: मुठा उजव्या कालव्याची वळणं, जुन्या पुलांची टोकं, देवळं आणि तीन गावांच्या शिवा जिथे भिडतात तिथले दगड. शिवेचे दगड काकांनी शोधून दिले. एक कुंपणाच्या भिंतीत चिणला गेलाय, पण आहे.

पंधरा-वीस बिंदू जुळवूनही शीट कडेला ताणलेली राहतेच. जुना अमोनिया प्रिंट वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेला असतो, कागद एका दिशेने वाढतो. शिवाय १:१०,००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर पाच मीटर होते. शंभर मीटर लांबीच्या कडेला ती रेघ आतून धरली की बाहेरून, एवढ्यावर पाचशे चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ पाच गुंठ्यांचा फरक पडतो. पुण्यात पाच गुंठ्यांत इमारत उभी राहते.

म्हणून नियम केला की आमच्या नकाशातली कुठलीही हद्द 'अंदाजे' म्हणूनच दाखवायची. ज्या भूखंडाबद्दल कोणाला हरकत घ्यायची असेल त्याचा महापालिकेकडून झोन दाखला (जमीन आराखड्यातल्या कोणत्या विभागात आहे त्याचं पत्र) आणि भाग नकाशा (आराखड्याचा तेवढाच तुकडा) रीतसर काढायचा, आणि गरज पडली तर मोजणी मागायची. आमचा नकाशा कुठे बघायचं ते सांगेल. पुरावा म्हणून उभा राहील तो शिक्क्याचा कागद.

७ जानेवारी २०२४

परवा ५ तारखेला २०१७ च्या मंजुरीला सात वर्षं झाली. यावर आज सविस्तर बोललो, कारण पूर्ण प्रकल्पाची दिशा यातून ठरते.

त्याच १९६६ च्या अधिनियमाचं कलम १२७ असं आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली गेली नाही, तर मालक नियोजन प्राधिकरणाला खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाचं पाऊल उचललं गेलं नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे गळून पडतं. ही मुदत आधी सहा महिने होती, मग बारा, आणि २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस झाली. पाऊल कशाला म्हणायचं हेही सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या गिरनार ट्रेडर्स निकालात सांगितलं आहे. नुसते ठराव आणि पत्रव्यवहार पुरत नाहीत, संपादनाच्या कायद्यातलं ठोस पाऊल लागतं.

याचा अर्थ, २०१७ च्या आराखड्यात उद्यान, क्रीडांगण म्हणून नव्याने पडलेल्या आणि अजून ताब्यात न आलेल्या जागांसाठी २०२७ च्या सुरुवातीला नोटिशींचा दरवाजा उघडतो. तीन वर्षं हातात आहेत. अंदाजपत्रक वर्षातून एकदाच होतं, म्हणजे तीन अंदाजपत्रकं. आज ज्या जागेवर मुलं क्रिकेट खेळतात ती सरकारी आहे असं आजूबाजूच्या सगळ्यांना वाटतं, आणि सातबाऱ्यावर अजून खासगी नाव असतं. हे लोकांना २०२९ मध्ये कुंपण पडल्यावर कळू नये, आत्ता कळावं.

नकाशाच्या तक्त्यात 'दर्जा कधीपासून' आणि 'दहा वर्षं कधी पुरी' हे दोन रकाने वाढवले. आतापर्यंत पाहिलेल्या हिरव्या जागांच्या एकाही नकाशात मला तारखेचा रकाना दिसला नव्हता. माझ्या मते आपल्या कामातला सगळ्यात उपयोगाचा रकाना तोच ठरणार आहे.

विभागाला मात्र अशी मुदत नाही. डोंगरमाथा-डोंगरउतार हा विभाग असल्याने तो कलम १२७ खाली गळून पडत नाही. तो बदलतो कलम ३७ च्या फेरबदलाने. त्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते आणि हरकतींना एक महिना मिळतो. तेव्हा राजपत्र बघण्याची पाळी लावली. दर आठवड्याला एक जण.

२१ जानेवारी २०२४

आज काकांनी परवानगी दिली आणि उपग्रहाचं चित्र उघडलं. सेंटिनेल-२ चं, फुकट मिळणारं. त्याचा एक चौकोन दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे बरोबर एक आर. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्येच असतं. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, तोही जवळपास तेवढाच. काकांना हे फार आवडलं. ३३ फुटी साखळीने एक साखळी लांब, एक साखळी रुंद मोजलं की गुंठा. त्यांच्या हिशेबात आकाशातून येणारा प्रत्येक ठिपका एक गुंठा आहे, आणि आता ते ठिपके मोजूनच बोलतात.

मे २०२३ आणि ऑक्टोबर २०२३ ची चित्रं शेजारी ठेवली. हिरवेपणाचा निर्देशांक काढला. मेमध्ये टेकडीचा माथा तपकिरी, निर्जीव. ऑक्टोबरमध्ये तोच माथा हिरवागार. उलट गिरिपुष्पाची लागवड केलेल्या उतारांवर वेगळाच आकृतिबंध, आणि सोसायट्यांच्या लॉनचे तुकडे मेमध्येही चमकणारे, कारण त्यांना टँकरचं पाणी.

इथे थांबून लिहायला हवं. फक्त उन्हाळ्याचं चित्र घेऊन कोणी 'हरित आच्छादन' काढलं, तर आपल्या टेकड्यांचं गवताळ रान 'पडीक' म्हणून पडेल आणि लॉन 'हिरवं' म्हणून. दख्खनच्या टेकडीचा स्वभावच असा आहे. कुसळी आणि पवन्याचं गवत दिवाळीनंतर सोनेरी होतं आणि मेमध्ये जमिनीलगत जातं. मधून मधून मोई, सालई, गणेर, मेडशिंगी, आणि यांचीही पानं उन्हाळ्यात झडतात. पान नसलेला गणेर पिवळ्या फुलांनी भरलेला असतो तेव्हा निर्देशांकात शून्याच्या आसपास असतो. झाडांच्या कायद्याचाही या गवताला उपयोग नाही. १९७५ चा वृक्ष जतन अधिनियम झाडाला संरक्षण देतो, २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान देतो, पण झाड नसलेल्या रानाबद्दल तो काही म्हणत नाही. गवताळ टेकडीला वाचवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे आराखड्यातला तिचा दर्जा. तिथे 'पडीक' हा शब्द शिरू द्यायचा नाही.

दोन ऋतूंच्या चित्रांशिवाय वर्गीकरण करायचं नाही, हा नियम झाला.

११ फेब्रुवारी २०२४

लेआउटमधल्या, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडण्याच्या मंजूर नकाशातल्या, मोकळ्या जागा. या प्रकाराने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला, आणि खायलाच हवा होता.

चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेचा लेआउट मंजूर करताना दहा टक्के जागा रहिवाशांच्या वापरासाठी मोकळी ठेवावी लागते. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हे आहे आणि आधीच्या नियमांतही होतं. ही जागा आराखड्यातलं आरक्षण नव्हे. त्यामुळे डीपीच्या शीटवर ती रहिवासी विभागाच्या पिवळ्या रंगातच बुडालेली असते. उपग्रह म्हणतो हिरवी, डीपी म्हणते पिवळी, आणि सातबाऱ्यावर ज्याने लेआउट पाडला त्याचं किंवा त्याच्या वारसांचं नाव. तिचं मोकळं असणं फक्त एकाच कागदावर आहे: मंजूर लेआउटची प्रत. ती प्रत सोसायटीच्या कपाटात असेल तर ठीक. नसेल तर रहिवाशांच्या हातात काहीच नाही.

पायथ्याच्या एका जुन्या वसाहतीत गेलो. मधोमध चौकोनी मैदान, कडेने करंज आणि कडुनिंब, एका कोपऱ्यात पार बांधलेला वड. तिथल्या एक आजी म्हणाल्या, "अहो, हे आमचंच आहे. आम्ही प्लॉट घेतला तेव्हा दाखवलं होतं." विद्यार्थिनीने हळूच विचारलं, "आजी, कागद आहे का?" आजी आत गेल्या आणि खरेदीखत घेऊन आल्या. त्याला जोडलेला लेआउटचा निळा नकाशा होता, शिक्क्यासकट. त्यावर स्पष्ट 'मोकळी जागा' लिहिलेलं. आम्ही तिथेच फोटो काढला, मग प्रमाणित प्रतीसाठी अर्ज केला. खरेदीखताची जोडपत्रं लोक जपतात, आणि त्यात शहराचा अर्धा हिरवा इतिहास दडलेला आहे. पुढच्या प्रत्येक वसाहतीत पहिला प्रश्न हाच विचारायचा.

अशी प्रत्येक जागा आमच्या नकाशात स्वतंत्र रंगाने. आरक्षण गडद हिरवं, विभाग फिकट हिरवा, लेआउटची मोकळी जागा पोपटी. पोपटी रंग जितका दिसतोय तितका कुठल्याच सरकारी नकाशात दिसत नाही.

१० मार्च २०२४

बीडीपीतल्या एका जमीनमालक कुटुंबाला भेटलो. मावशींच्या ओळखीने. पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन, आधी नाचणी आणि गुरं चारायचा उतार. त्यांचं म्हणणं वहीत जसंच्या तसं उतरवलं आहे, ते नकाशाबरोबर ठेवणार.

सरकारने २०१५ मध्ये बीडीपीसाठी ८ टक्के टीडीआर ठरवला. म्हणजे एक हेक्टर जमीन महापालिकेला दिली तर ८०० चौरस मीटरचा हस्तांतरणीय विकास हक्क. उद्यानाच्या किंवा रस्त्याच्या आरक्षणाला मिळतो तो याच्या कितीतरी पट. म्हणून लोक जमीन देत नाहीत. ती खासगी नावावर राहते, आणि रात्रीतून उतार फोडून पत्र्याचे गाळे उभे राहतात. टेकडी वाचावी असं ज्यांना वाटतं त्या आमच्यासारख्यांनी या कुटुंबाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. शहराला श्वास हवा असेल तर त्याची किंमत शहराने वाटून घ्यायची असते, उतारावरच्या चार घरांनी नव्हे. निवेदनात मोबदल्याचा मुद्दा घालायचा की नाही यावर गटात बरीच चर्चा झाली. घालायचा ठरला. मला तो निर्णय पूर्ण पटतो.

७ एप्रिल २०२४

लोकसभेची आचारसंहिता लागलेली. कार्यालयीन अर्ज मागे ठेवले, नकाशाचं घरचं काम पुढे.

संस्थांच्या आवारांचा थर पुरा केला. पुण्याच्या हिरवेपणात विद्यापीठ, कृषी महाविद्यालय, संशोधन संस्था, लष्कर यांचा वाटा मोठा आहे. आराखड्यात ही सगळी 'सार्वजनिक-निमसार्वजनिक' किंवा तत्सम वापरात मोडतात. तिथे झाड आहे ते संस्थेच्या मर्जीने. वेगळा रंग दिला आणि 'उद्यान' या बेरजेत धरलं नाही. दरडोई मोकळ्या जागेचा हिशेब करताना हीच आवारं आत घेतली की आकडा सुजतो. केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सांगितली आहे. ती सगळ्यांना जाता-येता येईल अशी जागा असायला हवी, फाटकाआडची नव्हे.

१९ मे २०२४

आजची बैठक दोन उदाहरणांवर. गटातल्या नव्या लोकांनी 'नकाशा करून होणार काय' असं विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायला.

पहिलं मुंबईचं. २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो फेरतयार करायला सांगितला. त्याआधी विद्यमान भूवापराचे नकाशे लोकांसमोर आले तेव्हा वस्त्यावस्त्यांतल्या लोकांनी आपापली गल्ली ताडून पाहिली होती आणि चुका दाखवल्या होत्या. मसुद्यात वारसा वास्तू गायब, धार्मिक स्थळं गायब, उभ्या इमारतींवरून रस्ते. आरेची जागा विकासासाठी खुली करण्याचा प्रस्ताव होता, त्यावर मोठा विरोध झाला. सुधारित आराखडा मे २०१८ मध्ये मंजूर झाला. यातून घ्यायचं ते एवढंच की हस्तक्षेपाची खरी वेळ मसुद्याच्या आधी येते, कलम २५ खालच्या विद्यमान भूवापर सर्वेक्षणात. तिथे मैदान 'रिक्त जागा' म्हणून नोंदलं गेलं की पुढचे सगळे तक्ते त्याला रिक्तच धरतात. 'मोकळी जागा' आणि 'रिक्त जागा' यांत दहा मजल्यांचं अंतर आहे.

दुसरं बेंगळुरूचं. तिथे एका वसाहतीच्या योजनेत उद्यानासाठी ठेवलेली जागा खासगी ट्रस्टला रुग्णालयासाठी देण्यात आली. रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेंगळुरू मेडिकल ट्रस्ट प्रकरणात ते वाटप रद्द ठरवलं. उद्यान हे उद्यानच राहिलं पाहिजे, आणि वसाहतीतल्या रहिवाशांना त्यासाठी दाद मागण्याचा अधिकार आहे, हे त्यात मान्य झालं. रुग्णालय चांगलंच काम, तरीही. रहिवाशांच्या हातात योजनेचा नकाशा होता आणि त्यावर ती जागा उद्यान म्हणून लिहिलेली होती. मावशी म्हणाल्या, "म्हणजे आजींचं खरेदीखत." बरोबर.

१६ जून २०२४

पहिला पाऊस पडून गेला. टेकडीवर गवताचे कोंब. जीपीएसवर पायवाटा, पाणवठे, जुने दगडी बांध नोंदवले. उताराचा नकाशाही पडताळला. १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम नको, हा नियम मोजून दाखवता येतो, म्हणून प्रत्येक छेदरेषेवर उतार मोजला. जिथे उतार फोडून सपाटी केली आहे तिथे आजचा उतार नियमात बसतो आणि जुन्या समोच्च रेषांवरचा बसत नाही. दोन्ही नोंदी ठेवल्या.

२८ जुलै २०२४

गुरुवारी, २५ तारखेला, सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं. रात्रभराचा पाऊस आणि खडकवासल्याचा विसर्ग. माणसं पहाटे अंधारात जिने चढून वर गेली. आमच्या तुकड्यातला ओढाही भरून वाहिला. आज पाणी ओसरल्यावर काठाने चाललो आणि चिखलाच्या खुणा नोंदवत गेलो.

निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची. या रेषा नदीला आखलेल्या आहेत, पण ओढे-नाले अनेकदा कोणत्याच रेषेत नसतात. सप्टेंबर २०१९ च्या त्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते पुण्याने पाहिलं आहे. ओढ्याला त्याची रुंदी लागते, आणि त्या रुंदीवर गवत, करंज, उंबर असले तर पाणी पसरायला आणि मुरायला जागा राहते. आमच्या नकाशात आज एक गोष्ट उघड दिसली: पाणी जिथे घरांत शिरलं नाही, त्या पट्ट्यात काठाला लेआउटची मोकळी जागा किंवा शाळेचं मैदान होतं. जिथे शिरलं, तिथे ओढा भिंतींमध्ये आवळलेला. एका पावसावरून सिद्धांत मांडायचा नाही. पण हे निवेदनात फोटोसह जाईल आणि ओढ्याच्या दोन्ही काठांचा पट्टा 'विद्यमान मोकळी जागा' म्हणून नोंदवण्याची मागणी पहिल्या क्रमांकावर येईल.

मावशींच्या सोसायटीच्या तळमजल्यावर अजून चिखल आहे. उद्याची बैठक रद्द, सगळे तिथे मदतीला.

१ सप्टेंबर २०२४

एका जागेला एक पान, अशी वही तयार होते आहे. पानावर वरच्या बाजूला भाग नकाशा, खाली सर्व्हे नंबर आणि हिस्सा, सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव कोणाचं आहे त्याचा प्रकार (खासगी, महापालिका, शासन; व्यक्तीचं नाव छापायचं नाही), आराखड्यातला दर्जा, त्याची तारीख, दहा वर्षं कधी पुरी होतात ते, आणि दोन ऋतूंतले फोटो. शेवटी एकच वाक्य: या जागेसाठी नेमकं काय हवं. 'संपादनासाठी तरतूद', 'लेआउटप्रमाणे मोकळी जागा म्हणून नोंद', 'मोजणी', 'डीपी रस्त्याची आखणी बाजूला घेणे'. एका पानावर दोन मागण्या नकोत.

२०१३ मध्ये जुन्या हद्दीच्या प्रारूप आराखड्यावर पुणेकरांनी ८० हजारांहून अधिक हरकती नोंदवल्या. शहराचं आपल्या जागांवर प्रेम आहे याचा तो मोठा पुरावा. पण कलम २८ खाली सुनावणीला बसलेल्या समितीपुढे प्रत्येकाला मिळतात थोडी मिनिटं. तेवढ्यात 'आमच्या भागात उद्यान हवं' म्हणणाऱ्यापेक्षा 'अमुक सर्व्हे नंबर, अमुक हिस्सा, मंजूर लेआउट अमुक तारखेचा, ही प्रत' म्हणणाऱ्याचं म्हणणं नोंदवून घेणं समितीला सोपं जातं. वही त्यासाठी आहे.

सार्वजनिक ओपनस्ट्रीटमॅपवर काय टाकायचं यावरही ठरलं. प्रत्यक्ष दिसतं तेच तिथे: मैदान, बाग, पायवाट, झरा. कायद्याचा दर्जा आणि तारखा आमच्या वहीत. दोन्हींची सरमिसळ केली की दोन्हींवरचा विश्वास जातो.

८ ऑक्टोबर २०२४

वही आणि निवेदन दिलं. महापालिकेत मार्च २०२२ पासून प्रशासक होते, त्यामुळे अर्ज आयुक्तांच्या नावे, प्रती शहर अभियंता, उद्यान विभाग आणि नगररचना सहसंचालकांना. विधानसभेची आचारसंहिता लागायच्या आत द्यायचं होतं, ते झालं. आवक क्रमांक घेतले. तिथल्या एका अधिकारी बाईंनी वही उभ्यानेच चाळायला घेतली आणि मग बसून वाचली. पोपटी रंगाच्या पानांवर त्या थांबल्या. "या लेआउटच्या प्रती कुठून मिळाल्या?" आम्ही सांगितलं, लोकांच्या घरून. त्यांनी संपादनाच्या यादीसाठी तारखांचा तक्ता एक्सेलमध्ये मागितला. संध्याकाळी पाठवला.

निवेदनातल्या मागण्या थोडक्यात नोंदवून ठेवतो: २०२७ च्या सुरुवातीला ज्या उद्यान-क्रीडांगण आरक्षणांना दहा वर्षं पुरी होतील त्यांच्यासाठी येत्या अंदाजपत्रकापासून स्वतंत्र शीर्ष, मंजूर लेआउटमधल्या मोकळ्या जागांचा एक डिजिटल थर महापालिकेने स्वतः प्रसिद्ध करावा, ओढ्यांच्या काठांची नोंद विद्यमान भूवापरात यावी, टेकडीवरच्या गवताळ जागेला 'पडीक' म्हणू नये, आणि बीडीपीतल्या मालकांच्या मोबदल्याचा फेरविचार व्हावा.

२७ ऑक्टोबर २०२४

ऑक्टोबरचं उपग्रहाचं चित्र आलं, ढग नाहीत. गेल्या वर्षाच्या चित्राशी ताडलं. पाषाणच्या बाजूच्या उतारावर काही ठिपके हिरव्यातून करड्यात गेले आहेत. सलग, रस्त्याच्या आकारात. शनिवारी सकाळी काका आणि विद्यार्थिनी जागेवर जाऊन बघणार, सोबत भाग नकाशा. बीडीपीच्या रेषेच्या आत असेल तर त्याच दिवशी फोटो आणि अक्षांश-रेखांशासह तक्रार द्यायची. बाहेर असेल तर झोन दाखला मागवायचा.

राजपत्राची पाळी या आठवड्यात माझी. लेआउटच्या प्रतींचे उरलेले अर्ज आचारसंहिता उठल्यावर. शेजारच्या पाणलोटातल्या दोन सोसायट्यांनी कोरा तक्ता मागितला आहे, त्यांना रकान्यांसकट पाठवतोय. तारखेचा रकाना काढू नका, असं पत्रात वेगळं लिहिलं आहे.